हवापालट

२०२०ची दिवाळी झाली आणि आमच्या घरात एक जुना शब्द परत आला. हवापालट. माझ्या लहानपणी हा शब्द डॉक्टर वापरायचे. टायफॉइडमधून उठलेल्या माणसाला औषधं लिहून झाली की शेवटी तोंडी सांगायचे, "जरा महिनाभर हवापालट करून या." पुढे टॉनिकं आली, डॉक्टरांना बोलायला वेळ राहिला नाही आणि शब्द मागे पडला. तो परत आणला आईने.

आई तेव्हा ७७ वर्षांची. मधुमेह वीस वर्षांचा. मार्चपासून सोसायटीच्या फाटकाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. भाजी दारात, औषध दारात, देवळाला कुलूप. एके दिवशी जेवता जेवता म्हणाली, "मला समुद्र बघायचाय. आणि तुम्ही दोघं भाऊ मला एकदम समोर दिसायला हवेत." एवढंच. पण यातलं पहिलं वाक्य सोपं होतं, दुसरं नव्हतं. धाकटा भाऊ डोंबिवलीला राहतो, अत्यावश्यक सेवेत आहे, आणि जूनमध्ये लोकल सुरू झाल्या तेव्हापासून रोज गर्दीतून कामावर जात होता. दहा महिने त्याने आईला फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलेलं.

मग रोज रात्री जेवणानंतर यादी. नाशिककर एरवी मे महिन्यात जी यादी करतो तीच, फक्त नियम वेगळे. मुलीचं मत अर्थातच गोवा. गोव्याने २ जुलै २०२० पासूनच पर्यटकांना दार उघडलं होतं. पण २५ नोव्हेंबरपासून महाराष्ट्राने दिल्ली, राजस्थान, गुजरात आणि गोव्याहून येणाऱ्यांसाठी नियम काढला. विमानाने किंवा रेल्वेने आलात तर आरटी-पीसीआरचा निगेटिव्ह अहवाल, रस्त्याने आलात तर सीमेवर तपासणी. म्हणजे जाताना कोणी अडवायचं नाही आणि स्वतःच्या राज्यात परत शिरताना मात्र दारात उभं राहायचं! दमणचा रस्ता गुजरातेतून, तिथेही तेच. सीमेवर आईच्या कपाळाला ती ताप मोजायची बंदूक लावली आणि उन्हात बसून आकडा चढलेला निघाला, तर? गोवा आणि दमण गळाले.

बायको म्हणाली, दिवेआगर. तिचं कारण मला आवडलं. ३ जूनला 'निसर्ग' वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगर भागातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचं झाड फळाला यायला पाच-सात वर्षं लागतात, तोवर त्या लोकांनी खायचं काय? आपले चार पैसे तिथे जावेत. बरोबर आहे. पण नाशिकहून दिवेआगर म्हणजे आख्खा दिवस गाडीत, आणि आईची कंबर. तारकर्ली तर त्याहून लांब, वाटेत एक मुक्काम करावाच लागतो. वाटेतला मुक्काम म्हणजे आणखी एक अनोळखी छप्पर, आणखी एक संडास, आणखी एक जेवणाचं टेबल.

राहता राहिलं डहाणू-बोर्डी. ताप भरलाच तर त्याच दिवशी घरी परतता येईल एवढं जवळ.

पण कुठे जायचं हा प्रश्न सुटत आला तसा जावं का हा प्रश्न मोठा झाला. बायकोचं म्हणणं, समुद्रावर मोकळी हवा, तिथे कसला आलाय कोरोना. भाऊ फोनवर म्हणाला, "दादा, मी न आलेलं बरं. आईला काही झालं तर मी काय करू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की मी जुनी पुस्तकं काढतो. (बायको म्हणते, डोसा कर म्हटलं तरी हे आधी तांदळाचा इतिहास बघतील. असो.)

साथ आणि समुद्र यांचं नातं आपल्याकडे उलटं आहे. हवापालटासाठी माणसं समुद्राकडे जातात, पण साथी समुद्राकडून येतात. १९१८चा इन्फ्लुएंझा जूनमध्ये मुंबईच्या गोदीत उतरला आणि रेल्वेने देशभर गेला. त्याआधीचा प्लेगही तसाच. २३ सप्टेंबर १८९६ला डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी मांडवी भागातल्या रुग्णाला प्लेग आहे असं निदान केलं. मांडवी म्हणजे बंदराला लागून, धान्याच्या वखारींचा भाग. धान्य तिथे उंदीर. पुढच्या काही महिन्यांत मुंबई रिकामी झाली. १८९१च्या जनगणनेत शहराची वस्ती सव्वाआठ लाखांच्या जवळ होती, त्यातली साधारण निम्मी माणसं १८९७च्या सुरुवातीपर्यंत शहर सोडून गेली. २०२०च्या मे महिन्यात मुंबई-आग्रा रस्त्यावरून पायी जाणारी माणसं आपण नाशिककरांनी डोळ्यांनी पाहिली आहेत. तेव्हा ती आगगाडीने आणि गलबतांनी गेली, एवढाच फरक.

कुठे गेली? ज्याची जिथे नाळ होती तिथे. कोकणात, सुरतेकडे, घाटावर. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी मोकळ्या हवेची घरं शोधली. आणि इथे मी पुस्तक बाजूला ठेवून जरा वेळ बसलो. कारण मुंबईच्या माणसासाठी हवापालटाचं ठिकाण म्हणजे आमचंच गाव की! १८६५ साली रेल्वे थळ घाट चढून इगतपुरीला आली आणि मुंबईकराला ही हवा काही तासांवर आली. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंची, कोरडा हिवाळा, गोदावरीचं पाणी. देवळालीला पारशी, गुजराती, कच्छी समाजाची सॅनिटोरियमं पुढे उभी राहिली ती याचसाठी. जुन्या पिढीतले मुंबईचे गुजराती अजून 'देवळाली जाऊन येतो' म्हणतात, ते याच अर्थाने. म्हणजे आम्ही डहाणूच्या हवेकडे जसं बघत होतो तसं मुंबई आमच्याकडे बघायची.

मग प्लेग घाटावर चढला. नाशिक जिल्हाही सुटला नाही. देवळाली कॅम्पाला खेटून भगूर आहे. १८९९ साली तिथे प्लेग शिरला. दामोदरपंत सावरकर त्यात गेले, पाठोपाठ त्यांचे भाऊ गेले. मुलांपैकी धाकट्या नारायणाला आणि मग थोरल्या गणेशालाही प्लेग झाला, ते दोघे वाचले. पोरकं झालेलं ते घर भगूर सोडून नाशिकला आलं. विनायकराव सावरकरांचं पुढचं आयुष्य सगळ्यांना माहीत असतं, पण त्या घराचं नाशिकला येणं हे प्लेगचं येणं आहे, हे आपण विसरतो. पुढच्या पंचवीसेक वर्षांत देशात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसं नेली.

सरकारने काय केलं? ४ फेब्रुवारी १८९७ला साथरोगाचा कायदा केला. घरात शिरून झडत्या, माणसांना उचलून इस्पितळात, रेल्वे स्थानकांवर उतारूंची तपासणी, नजरेखाली ठेवण्याच्या छावण्या. पुण्यात त्याचा शेवट रँडच्या खुनात झाला, ते आपण शाळेत शिकलो. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने जो कायदा लागू केला तो हाच, १८९७चा. १२३ वर्षांचा कायदा! सप्टेंबरपर्यंत जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागत होता तेव्हा मला त्या जुन्या तपासणीची आठवण... म्हणजे आठवण नव्हे, वाचलेलं आठवलं.

पण मला कायद्यापेक्षा लोकांनी काय केलं यात जास्त रस होता. माझ्या आजीचं माहेर सिन्नर तालुक्यात. ती सांगायची की घरात उंदीर पडला की गाव उठायचं. भांडी, पीठ, गुरं घेऊन सगळे माळावर. कुडाच्या झोपड्या घालायच्या, महिना-दोन महिने तिथेच राहायचं. गावात एकटा मारुती. तिच्या तोंडी हे सगळं थोडं जत्रेसारखं ऐकू यायचं, कारण ती तेव्हा लहान होती.

हे माळावर जाणं खरंच उपयोगी पडायचं. का, ते तेव्हा कोणाला नीट माहीत नव्हतं. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत प्रयोग करून दाखवलं की प्लेग उंदरावरच्या पिसवांमधून माणसाला होतो, आणि ते सर्वांनी मान्य करायला पुढे आठ-दहा वर्षं लागली. मेलेला उंदीर थंड पडला की पिसवा नवं अंग शोधतात. घर सोडून माळावर गेलं की उंदीर मागे राहतात, पिसवा मागे राहतात, माणूस वाचतो. सरकारी साहेब माणसाच्या काखा-जांघा तपासत होते, भिंती चुन्याने धूत होते, आणि आमचे अडाणी लोक बरोबर गोष्ट करत होते.

मात्र गाव सोडण्याचे दोन प्रकार होते आणि दोन्हींचा परिणाम अगदी उलटा होता. एक, माळावर जाणं. दुसरं, पाहुण्याकडे जाणं. प्लेगच्या गावातून जो माणूस अंथरुणाची वळकटी आणि धान्याचं पोतं घेऊन दुसऱ्या गावात मामाकडे गेला, त्याच्या वळकटीतून पिसवाही मामाकडे गेल्या. त्याला वाटलं आपण हवा पालटली. हवेचा काही संबंधच नव्हता. प्रश्न एवढाच होता की आपण कोणाच्या छपराखाली जाऊन झोपलो.

हे वाचून झाल्यावर आमच्या यादीकडे बघायची माझी नजर बदलली. समुद्र कोणता हा प्रश्न फारसा महत्त्वाचा नव्हताच. कोरोनाला पिसवा लागत नाहीत, तो श्वासातून जातो, पण तोही बंद खोलीत रमतो. वाळूवर चार हात अंतरावर बसलेल्या माणसापेक्षा हॉटेलच्या वातानुकूलित जेवणघरात पाठीमागच्या टेबलावर बसलेला माणूस जास्त धोक्याचा. आणि आपल्यापासून इतरांना धोका आहे तोही तिथेच. म्हणजे बायको समुद्राच्या हवेबद्दल बरोबर होती, आणि भाऊ आईबद्दल बरोबर होता. दोघांचं म्हणणं राखायचं तर मुक्कामाची जागा माळासारखी हवी होती, पाहुण्याच्या घरासारखी नको.

इथे थोडं विषयांतर, पण राहवत नाही. नाशिकचं आणि समुद्राचं वाट पाहण्याचंही एक नातं आहे. इंग्रजी राजवटीत भारतातली मुदत संपलेल्या गोऱ्या सैनिकांना देवळालीच्या छावणीत आणून ठेवत. जहाजं फक्त थंडीच्या दिवसांत सुटायची. मुदत संपायला आणि जहाज सुटायला मेळ बसला नाही तर शिपाई महिनोन्महिने देवळालीच्या माळावर नुसता बसून. काम नाही, घर नाही, समुद्र घाटाखाली. पुष्कळांचं डोकं फिरायचं. त्यावरून इंग्रजीत शब्दच रुळला, 'डूलाली टॅप'. डूलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप! आजही इंग्रज माणूस भ्रमिष्टाला 'डूलाली' म्हणतो आणि हे गाव नाशिक रोडच्या पलीकडे आहे हे त्याला ठाऊक नसतं. डिसेंबर २०२० मध्ये आमच्या तीन खोल्यांत दहा महिने काढलेले आम्ही चौघं म्हणजे देवळालीची छावणीच होतो. आईने जहाज मागितलं तर तिचं काय चुकलं?

तर मी फोन करायला बसलो. डहाणू, बोर्डी, घोलवड, केळवा. प्रत्येकाला तेच प्रश्न. स्वतंत्र खोल्या आहेत का? समोरासमोर खिडक्या? जेवण ओसरीवर मिळेल का? दोन कुटुंबांना दोन वेगळ्या जागा? चौघांनी सगळ्याला हो म्हटलं. "या हो साहेब, इकडे कोरोना-बिरोना काही नाही." पाचवा बोर्डीचा, चिकूच्या वाडीत तीन कौलारू खोल्या बांधलेला गृहस्थ. त्याने माझे प्रश्न शांतपणे ऐकले आणि म्हणाला, "साहेब, रागावू नका, पण मीपण एक विचारू? तुमच्या आई आहेत तशी माझीपण आई आहे. वाडीतच राहते, ऐंशीची आहे. तुमच्याबरोबर येणारे सगळे आधी किती दिवस घरात बसून येणार?"

मला हाच माणूस हवा होता. उलट प्रश्न विचारणारा पाचांत तो एकटा. त्या वर्षी ऑगस्टमध्ये गणपतीला कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांना किती दिवस वेगळं ठेवायचं, चौदा की दहा, यावर केवढा वाद झाला होता. शेवटी दहा दिवस ठरले. तेव्हा शहरात बसून 'स्वतःच्या गावात शिरायला परवानगी कसली' म्हणणं सोपं होतं. पण गावाच्या वेशीवर उभं राहून बघितलं की तो प्रश्न वेगळा दिसतो. भगूरची वेस तर आमच्याच तालुक्यातली.

मग भावाने काय करायचं ते त्यानेच ठरवलं. साठवलेली रजा काढली, दहा दिवस घरात बसला, निघायच्या आधी घरातल्या तिघांची चाचणी केली. आम्हीही केली. नवीन वर्षाची गर्दी आणि ५ जानेवारीपर्यंत महापालिकांच्या हद्दीतली रात्रीची संचारबंदी, दोन्ही टाळून संक्रांत उलटल्यावर मंगळवार गाठला. १९ जानेवारी २०२१. तीन दिवस आधी, १६ तारखेला, देशात लसीकरण सुरू झालं होतं, पण पहिल्या रांगेत डॉक्टर आणि नर्सेस. आईची पाळी यायची होती. "लस घेऊनच जाऊ" असं मी एकदा सुचवून पाहिलं. "माझी पाळी येईपर्यंत मी असेन याची चिठ्ठी दे," असं उत्तर मिळालं. त्यावर कोण काय बोलणार.

निघायच्या आदल्या रात्री मुलीला पांडवलेण्यांची गोष्ट सांगितली. दहाव्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई, इसवी सनाचं दुसरं शतक. त्याने काय काय दान केलं त्याची यादी त्या दगडावर आहे, आणि त्यात इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि डाहाणुका या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या असं कोरलंय. डाहाणुका म्हणजे डहाणूची नदी. पुढे नानंगोल गावातली नारळाची ३२,००० झाडं दिल्याचा उल्लेख आहे. नानंगोल म्हणजे नारगोळ असं अभ्यासक मानतात, बोर्डीच्या उत्तरेला, आज गुजरातेत. शिवाय भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार ठिकाणी वाटसरूंना उतरायला धर्मशाळा. गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूरजवळचं. "म्हणजे बाबा, आपलं बुकिंग एकोणीसशे वर्षांपूर्वीच झालंय," मुलगी म्हणाली. मला मात्र त्या यादीतल्या धर्मशाळा जास्त आवडतात. वाटसरूला गावकऱ्याच्या ओसरीवर पडायला लागू नये म्हणून त्याच्यासाठी वेगळं छप्पर.

त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, कासा, चारोटी, डहाणू. हा रस्ताही जुना. १६६४च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर गेले ते याच मुलखातून, आणि जव्हारजवळ शिरपामाळला त्यांचा तळ पडला होता असं सांगतात. आम्ही तिथे थांबून डब्यातल्या गुळाच्या पोळ्या खाल्ल्या. शेजारी कोणी नव्हतं. मास्क काढून आईने इतका मोठा श्वास घेतला की मुलगी हसायला लागली.

बोर्डीचा समुद्र ओहोटीला फार आत जातो. पाण्यापर्यंत चालत जायचं म्हणजे बरंच अंतर. आईला तेवढं चालवेना, म्हणून भावाने वाडीतून दोन खुर्च्या आणल्या आणि ओल्या वाळूत ठेवल्या. एक तिची. दुसरी बऱ्याच अंतरावर, स्वतःची. मधे नातू वाळूचा किल्ला करत होता, तोंडावर मास्क. चाचण्या निगेटिव्ह होत्या, तरी भाऊ जवळ गेला नाही. तीन दिवस तो त्या खुर्चीच्या अंतराबाहेरच राहिला. आई पाण्याकडे फार कमी बघत होती. निघताना तिने त्याला वाकून नमस्कार करू दिला नाही. "पुढच्या वेळी दोन कर," म्हणाली.

आमच्यानंतर खोल्या तीन दिवस बंद ठेवणार असं वाडीवाल्याने आधीच सांगितलं होतं, आणि त्याचे पैसे मागितले नव्हते. मी एका दिवसाचे जास्त दिले. त्याने काही न बोलता डिकीत चिकूच्या दोन पेट्या ठेवल्या. त्याची आई आम्हाला दिसली ती लांबूनच, वाडीच्या टोकाला, लुगड्याचा पदर नाकावर धरून. तिने हात हलवला, आमच्या आईने हलवला.

मार्चमध्ये दुसरी लाट आली. नाशिकच्या बाजारात शिरायला माणशी पाच रुपयांचं तिकीट आणि एक तासाची मुदत लागली ती तेव्हाच. आईला मार्चच्या पहिल्या आठवड्यात लस मिळाली. भावाला एप्रिलमध्ये कोरोना झाला, घरीच बरा झाला. १७ मेला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून वर गेलं, त्या रात्री मी बोर्डीला फोन लावला तो लागला नाही. दोन दिवसांनी त्याचाच आला. आधी विचारलं, आजी कशा आहेत. म्हटलं, दोन्ही डोस झाले, बरी आहे. तुमची आई? "ठीक आहे," म्हणाला, "वीज नाही म्हणून कुरकुरतेय. चिकूची अकरा झाडं पडली. तुमच्या खोलीवरची कौलं उडाली, पण भिंत उभी आहे."